जगात जर्मनी, भारतात परभणी. पण मत कुणाचं?

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ ही म्हण कुठून आली, याच्या दहा जणांकडे दहा कथा आहेत आणि परभणीकर त्या सगळ्या सारख्याच अभिमानाने सांगतात. जर्मनी आणि परभणी यांच्यात खरोखरचं साम्य असलेली एक गोष्ट मात्र या कथांत येत नाही. परभणी महापालिकेच्या निवडणुकीत परदेशी माणसाला मत देता येत नाही, आणि हँबुर्ग शहराच्या निवडणुकीत परभणीच्या माणसाला देता येत नाही. फरक इतकाच की हँबुर्गने ते एकदा देऊ केलं होतं.

गोष्ट १९८९ सालची आहे. त्या वर्षी फेब्रुवारीत उत्तर जर्मनीतल्या दोन राज्यांनी कायदे केले. श्लेस्विग-होल्स्टाइनने डेन्मार्क, आयर्लंड, नेदरलँड्स, नॉर्वे, स्वीडन आणि स्वित्झर्लंड या सहा देशांच्या लोकांना, पाच वर्षांचं वास्तव्य असेल तर, स्थानिक निवडणुकीत मत द्यायचं ठरवलं. हँबुर्गने त्याहून मोठी उडी घेतली. तिथे आठ वर्षं कायदेशीर राहिलेला कुठल्याही देशाचा माणूस शहराच्या विभागीय सभांसाठी मत देऊ शकणार होता. म्हणजे आठ वर्षं तिथल्या गोदीत काम केलेला एखादा जिंतूरकर असता, तर त्यालाही. पण मतदानाची वेळ आलीच नाही. ३१ ऑक्टोबर १९९० रोजी, दोन्ही जर्मनी एक होऊन महिनाही झाला नव्हता, तेव्हा तिथल्या घटना न्यायालयाने दोन्ही कायदे रद्द केले. सत्ता जनतेकडून येते असं घटना म्हणते. ही जनता म्हणजे जर्मन नागरिक, आणि हे संसदेपासून खेड्यापर्यंत सगळीकडे लागू आहे, असा न्यायालयाचा युक्तिवाद होता. परदेशी माणूस वर्षानुवर्षं राहतो आणि त्याला मत नाही हे खटकत असेल, तर त्याला नागरिकत्व मिळणं सोपं करा, असंही न्यायाधीशांनी सुचवलं.

यानंतर दोनच वर्षांनी जर्मनीने घटना दुरुस्त केली आणि युरोपीय समुदायातल्या इतर देशांच्या नागरिकांना स्थानिक मतदान खुलं केलं, कारण मास्ट्रिख्ट कराराने तसं बंधन घातलं होतं. त्यामुळे आज गेल्या वर्षी पोलंडहून आलेला सुतार हँबुर्गच्या विभागीय सभेसाठी मत देतो आणि पंधरा वर्षं तिथल्या इस्पितळात काम करणारी, भारतीय पासपोर्ट ठेवलेली मराठी डॉक्टर देत नाही. जनता म्हणजे फक्त जर्मन, हे तत्त्व दोन वर्षांत इतकं वाकलं की आत युरोप मावला, बाकीचं जग बाहेर राहिलं.

गंमत अशी की हीच डॉक्टर जर्मनीची सीमा ओलांडून नेदरलँड्समध्ये राहायला गेली, तर पाच वर्षांच्या सलग कायदेशीर वास्तव्यानंतर तिला नगरपरिषदेसाठी मत मिळेल. तिथे ही सोय १९८६च्या निवडणुकीपासून आहे. स्वीडनमध्ये गेली तर तीन वर्षांत. स्वीडनने हा रस्ता १९७६मध्येच मोकळा केला होता. आणि आयर्लंडमध्ये गेली तर वर्षं मोजायचीच नाहीत. तुम्ही एरवी तिथेच राहता ना, वय १८ पूर्ण आहे ना, मग स्थानिक निवडणुकीच्या यादीत नाव घाला. पासपोर्ट कुठल्या देशाचा, हा प्रश्न संसदेसारख्या मोठ्या निवडणुकांच्या वेळी येतो. १९६३च्या कायद्यापासून ही पद्धत आहे. त्या वेळी आयर्लंडमधून लोक बाहेर जात होते, बाहेरचे आत येत नव्हते, त्यामुळे या तरतुदीने फारसं कुणाचं लक्ष वेधलं नाही. आता डब्लिनमध्ये भारतीय नर्स आणि संगणक अभियंते हजारोंनी आहेत आणि कौन्सिलच्या उमेदवाराला त्यांच्या दारात जावंच लागतं. मालवण तालुक्यातल्या वराड गावाशी नातं असलेले लिओ वराडकर पुढे आयर्लंडचे पंतप्रधान झाले. त्यांनी जिंकलेली पहिली निवडणूक २००४ची, फिंगल कौंटी कौन्सिलची. ते स्वतः जन्माने आयरिश नागरिक. पण ज्या निवडणुकीतून ते वर आले, त्या निवडणुकीत मत द्यायला नागरिक असण्याची अट नव्हती.

सगळ्यात चकित करणारा देश मात्र ब्रिटन. तिथे भारतीय पासपोर्टवर राहणाऱ्या माणसाला फक्त नगरपालिकेसाठी नव्हे, थेट पार्लमेंटसाठी मत आहे. राष्ट्रकुलातल्या देशाचा नागरिक आणि ब्रिटनमध्ये राहण्याचा वैध परवाना, एवढं पुरतं. विद्यार्थ्याचा व्हिसाही चालतो. साम्राज्य होतं तेव्हा सगळेच राणीचे किंवा राजाचे प्रजाजन होते; साम्राज्य गेलं, देश स्वतंत्र झाले, भारत तर प्रजासत्ताक झाला, पण मतदार यादीतली ही जुनी खिडकी कुणी लावून घेतली नाही. अलीकडे ब्रिटनने मतदान केंद्रावर ओळखपत्र दाखवणं सक्तीचं केलं, तेव्हा चालणाऱ्या ओळखपत्रांच्या यादीत राष्ट्रकुलातल्या देशांचे पासपोर्टही आले.

समजा परभणी जिल्ह्यातल्या सेलूची एक मुलगी लंडनमध्ये शिकते आहे. परभणी लोकसभेचं मतदान २६ एप्रिल २०२४ला झालं. १९५०च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात नंतर घातलेल्या कलम २० अ नुसार परदेशी राहणाऱ्या भारतीय नागरिकाला आपल्या पासपोर्टवरच्या पत्त्याच्या मतदारसंघात नाव नोंदवता येतं. अट एकच, मतदानाला स्वतः यायचं आणि केंद्रावर मूळ पासपोर्ट दाखवायचा. ब्रिटनची सार्वत्रिक निवडणूक ४ जुलै २०२४ला झाली. म्हणजे अडीच महिन्यांच्या आत, एकच निळा भारतीय पासपोर्ट दाखवून, सेलूच्या केंद्रावर भारताच्या लोकसभेसाठी आणि लंडनच्या केंद्रावर ब्रिटिश पार्लमेंटसाठी मत देणं पूर्णपणे कायदेशीर होतं. विमानाचं भाडं परवडायला हवं, एवढंच.

गोव्याच्या लोकांनी या गुंत्याला आणखी एक पीळ दिला. पोर्तुगालच्या कायद्यानुसार १९ डिसेंबर १९६१पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या पुढच्या पिढ्यांना लिस्बनमध्ये जन्मनोंद करून पोर्तुगीज नागरिकत्व घेता येतं. अनेकांनी ते घेतलं आणि युरोपीय संघाच्या सवलतीवर इंग्लंडमधलं स्विंडन शहर गाठलं. भारतीय पासपोर्टवर तिथे पोहोचलेला त्यांचा शेजारी पार्लमेंटला मत देतो. हे मात्र पोर्तुगीज झाल्यामुळे राष्ट्रकुलाबाहेर गेले, म्हणून यांना फक्त स्थानिक निवडणुकीत मत; आणि भारतीय नागरिकत्व गेल्यामुळे सासष्टीतल्या आपल्या पंचायतीतलं मतही गेलं. युरोपभर फिरायची मोकळीक मिळवताना दोन मतपेट्या मागे राहिल्या. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर त्यांचं स्थानिक मतही जाण्याची शक्यता होती, पण ब्रिटन आणि पोर्तुगाल यांनी वेगळा करार करून ते वाचवलं.

अमेरिकेबद्दल थोडक्यात, कारण एडिसनपासून फ्रिमाँटपर्यंत पसरलेल्या मराठी घरांत हा विषय निघतोच. तिथे एकोणिसाव्या शतकात अनेक राज्यांत नागरिक नसलेले पुरुष मत देत. हळूहळू ते बंद होत गेलं आणि १९२६मध्ये आर्कान्सॉने शेवटचं दार लावलं. अलीकडे मेरीलँडमधल्या टाकोमा पार्कसारख्या काही गावांनी ते स्थानिक निवडणुकीपुरतं पुन्हा उघडलं. न्यूयॉर्क शहरानेही प्रयत्न केला, पण मार्च २०२५मध्ये तिथल्या सर्वोच्च राज्य न्यायालयाने तो कायदा रद्द केला.

आता परत परभणीत. इथे परदेशी माणूस आहे तरी कोण? मराठवाड्यातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावात रात्री काठी आपटत, शिट्टी वाजवत फिरणारा गुरखा आठवा. तो बहुधा नेपाळचा नागरिक असतो. ३१ जुलै १९५०च्या भारत-नेपाळ करारामुळे त्याला इथे राहायला, नोकरीधंदा करायला, मालमत्ता घ्यायला परवानगी लागत नाही. गल्लीतला कुठला दिवा कधीपासून बंद आहे हे नगरसेवकाआधी त्याला माहीत असतं. घर भाड्याने घेतलं की घरपट्टी आणि पाणीपट्टीचा भार भाड्यातून त्याच्यावरही पडतो. त्याची मुलं जिल्हा परिषदेच्या शाळेत जातात. त्याला मत नाही. कुणाला विचारलं तर उत्तर तयार असतं: घटनेतच तसं लिहिलंय.

खरंच लिहिलंय का, ते पाहिलं तर चकित व्हायला होतं.

घटनेतलं कलम ३२६ प्रौढ मताधिकाराचं. त्यात ‘भारताचा नागरिक’ ही अट अगदी स्पष्ट आहे. पण ते कलम लोकसभा आणि विधानसभा, या दोन निवडणुकांबद्दलच बोलतं. गावाचं आणि शहराचं राज्य घटनेत आलं ते ७३व्या आणि ७४व्या दुरुस्तीने, जी १९९३पासून लागू झाली. त्यातली ग्रामसभेची व्याख्या वाचा: गावाच्या मतदार यादीत नोंदलेल्या व्यक्तींची मिळून ग्रामसभा. पंचायतीच्या जागा थेट निवडणुकीने भरायच्या, एवढंच पुढे म्हटलंय. मत कुणी द्यायचं याबद्दल नागरिकत्वाची अट तिथे नाही. उमेदवाराबद्दल मात्र आहे, तीही आडवळणाने: विधानसभेला जो अपात्र तो पंचायतीलाही अपात्र, आणि नागरिक नसलेला माणूस विधानसभेला अपात्रच. म्हणजे सरपंच नागरिकच हवा हे घटनेने सांगितलं. सरपंच निवडणाराही नागरिकच हवा, हे या भागात सांगितलेलं नाही.

मग गुरख्याचं नाव यादीत का येत नाही? कारण यादी उसनी आहे. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम १९५८चं कलम १२ म्हणतं की विधानसभेची, त्या त्या दिवशी लागू असलेली मतदार यादी घ्यायची आणि गावाच्या प्रभागांत जेवढा भाग येतो तेवढा तिचा भाग म्हणजे ग्रामपंचायतीची यादी. निवडणूक जवळ आली की तहसील कार्यालयात जे यादी फोडण्याचं काम चालतं, ते हेच. राज्य निवडणूक आयोग स्वतंत्र, १९९४मध्ये स्थापन झालेला. पण मतदार तो स्वतः शोधत नाही. आणि विधानसभेची यादी बनते १९५०च्या केंद्रीय कायद्याने, ज्याच्या कलम १६मध्ये नागरिक नसलेल्याचं नाव घालायला बंदी आहे. अशी ही साखळी: गावच्या मताला नागरिकत्वाची अट लागते, पण ती गावाच्या कायद्यातून येत नाही, विधानसभेच्या यादीला चिकटून येते. नव्या घरात राहायला जाताना जुन्या घरचं कपाट उचललं आणि त्याच्या खणातले कागदही सोबत आले, तसं काहीसं.

शेजारच्याच यादीवर काम भागवण्यात शहाणपण आहे, हे मान्य करायला हवं. हजारो ग्रामपंचायतींसाठी वेगळ्या याद्या करायच्या म्हटलं तर तलाठी, शिक्षक आणि बीएलओ यांना बाकी काही करायला वेळच उरणार नाही. दुबार नावांवरून आत्ताच इतका गदारोळ होतो, तर दोन वेगळ्या याद्या असत्या तर काय झालं असतं! शिवाय नागरिक कोण या प्रश्नाला आपल्याकडे फाळणीची, सीमेची, घुसखोरीच्या राजकारणाची धार आहे; स्वीडनमध्ये ती नाही. तरीही, दार घटनेने बंद केलेलं नसून एका कलमाच्या सोयीमुळे बंद आहे, ही गोष्ट मला विलक्षण वाटते. उद्या एखाद्या राज्याने ते कलम बदललं तर न्यायालय हँबुर्गच्या वाटेने जाईल की ओसाकाच्या, सांगता येत नाही. ओसाकात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या कोरियन लोकांनी स्थानिक मतासाठी दावा लावला होता. जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने २८ फेब्रुवारी १९९५ रोजी दावा फेटाळला, पण जाता जाता म्हटलं की संसदेने कायम रहिवाशांना असं मत देणारा कायदा केला तर घटना आड येणार नाही. तो कायदा अजून झालेला नाही. एका देशात घटना सरळ नाही म्हणाली, दुसऱ्यात घटनेची ना नाही पण संसद हलली नाही.

परभणीला या प्रश्नाची एक जुनी ओळखही आहे. १९४८पर्यंत हा जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. गावातली म्हातारी माणसं त्या काळाला मोगलाईच म्हणत. संस्थानाचा रुपया वेगळा, हाली सिक्का. टपालाची तिकिटं वेगळी. इंग्रजी मुलखातून माल आणला की करोडगिरीच्या नाक्यावर जकात. परभणीचा माणूस सोलापूरला गेला की तो दुसऱ्या राज्याची रयत होता. आणि वास्तव्य मोजण्याची पद्धत तिथेही होती: १९१९च्या मुल्की नियमांनुसार संस्थानाच्या नोकरीत बाहेरच्या माणसाला शिरायचं तर पंधरा वर्षांचं वास्तव्य दाखवावं लागे. म्हणजे किती वर्षं राहिलास हा प्रश्न निजामाच्या दफ्तरात होता, पण तो नोकरीसाठी. मताचा प्रश्नच नव्हता, कारण मुल्की असो की गैरमुल्की, प्रौढ मताधिकार कुणालाच नव्हता. १९३७मध्ये तेव्हा परभणी जिल्ह्यात असलेल्या परतूरला महाराष्ट्र परिषदेचं पहिलं अधिवेशन भरलं, ते जबाबदार राज्यपद्धतीची मागणी घेऊन.

१७ सप्टेंबर १९४८ला संस्थान भारतात आलं. २६ जानेवारी १९५०ला घटना लागू झाली आणि परभणीच्या रयतेचे नागरिक झाले. घर तेच, शेत तेच, गोदावरीचा घाट तोच. माणूस जागचा हलला नाही, हलला तो देश. १९५२च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत या लोकांनी प्रथमच मत दिलं. चार वर्षांपूर्वी ज्यांना गावचा पाटीलसुद्धा निवडता येत नव्हता, त्यांनी एकदम खासदार निवडला.

त्याच सुमारास देशात आणखी एक अजब गोष्ट घडत होती. संविधान सभेच्या सचिवालयाने १९४८च्या मार्चमध्ये प्रांतांना पहिल्या मतदार याद्या तयार करायला सांगितलं. १ जानेवारी १९४९ला वय २१ आणि १९४८च्या ३१ मार्चपर्यंतच्या वर्षात किमान १८० दिवसांचं वास्तव्य, अशा अटी होत्या. पण पाकिस्तानातून आलेले निर्वासित? त्यांचं १८० दिवसांचं वास्तव्य कुठून आणायचं? आणि ते नागरिक आहेत हे तरी कुणी ठरवलं होतं? नागरिकत्वाच्या कलमांवर संविधान सभेत १९४९च्या ऑगस्टमध्ये वाद झाला. त्याआधी भारताचा नागरिक म्हणजे कोण याची व्याख्याच झालेली नव्हती. सचिवालयाने मार्ग काढला: मी इथेच कायम राहणार, असं निर्वासिताने लिहून दिलं की नाव घाला, बाकीचं नंतर पाहू. म्हणजे कल्याणच्या छावणीतला, ज्या छावणीचं पुढे उल्हासनगर झालं, तिथला सिंधी माणूस नागरिक ठरायच्या आधी मतदार व्हायला निघाला होता. आज आपल्याला नागरिकत्व आधी आणि मत नंतर हा क्रम निसर्गनियमासारखा वाटतो. भारताच्या पहिल्या यादीत तो काही लोकांसाठी उलटा होता. आणि आज त्याच समाजाची काही कुटुंबं, पाकिस्तानातून नंतर आलेली, नागपूरच्या जरीपटक्यात किंवा उल्हासनगरात दीर्घ मुदतीच्या व्हिसावर दुकानं चालवतात, कर भरतात आणि नागरिकत्वाचा कागद हातात पडेपर्यंत महापालिकेच्या मतदानाच्या दिवशी दुकानात बसून राहतात.

महाराष्ट्रात याहूनही विलक्षण जागा आहे, आणि ती आहे राज्याच्या दुसऱ्या टोकाला. गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगावजवळ १९७२मध्ये तिबेटी निर्वासितांची वसाहत उभी राहिली. नॉर्ग्येलिंग हे तिचं नाव. धानाच्या शेतांमध्ये प्रार्थनेच्या पताका फडकतात. इथले म्हातारे परदेशी. त्यांच्याकडे परदेशी माणसाचं नोंदणी प्रमाणपत्र असतं. पण १९५५च्या नागरिकत्व कायद्यानुसार २६ जानेवारी १९५० ते ३० जून १९८७ या काळात भारतात जन्मलेला प्रत्येक माणूस, आईवडील कुणीही असोत, जन्मानेच भारतीय नागरिक आहे. हे वर्षानुवर्षं कागदावरच राहिलं. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१०मध्ये आणि कर्नाटक उच्च न्यायालयाने २०१३मध्ये तिबेटी अर्जदारांच्या बाजूने निकाल दिले आणि २०१४च्या फेब्रुवारीत निवडणूक आयोगाने सांगितलं की अशा तिबेटींची नावं यादीत घ्या. म्हणजे वसाहतीतल्या एकाच घरात बाप परदेशी, १९७८मध्ये जन्मलेली मोठी मुलगी मतदार, आणि १९८९मध्ये जन्मलेला धाकटा मुलगा पुन्हा परदेशी, असं होऊ शकतं. अनेकांनी नाव नोंदवलंही नाही. भारतीय कागद घेतले तर निर्वासित म्हणून असलेल्या सवलतींचं आणि तिबेटच्या मागणीचं काय, हा प्रश्न तिथे खरा आहे.

पण या लोकांना मतदान नवं नाही. धरमशाळेच्या केंद्रीय तिबेटी प्रशासनाचा प्रमुख, ज्याला सिक्योंग म्हणतात, आणि निर्वासित संसद, यांसाठी भारतभरच्या तिबेटी वसाहतींमध्ये मतदान होतं. २०२१ला झालं तेव्हा पेन्पा त्सेरिंग निवडून आले. त्या निवडणुकीत मत द्यायचं तर हिरवं पुस्तक लागतं, ज्यात दरवर्षीच्या स्वेच्छा कराची नोंद असते. कर भरलेला असेल तर मत. देश हातात नाही, म्हणून मत बांधलं गेलं ते वर्गणीशी. आणि हे काही मुलखावेगळं नाही. १८७२च्या कायद्याने मुंबई महापालिकेचे ६४ सभासद ठरले, त्यातले ३२ करदात्यांनी निवडायचे होते. तिथेही पहिला प्रश्न होता, कर किती भरता.

आतापर्यंत बोललो ते गावात राहतो पण मत नाही, अशा लोकांबद्दल. परभणीत याच्या नेमकी उलट बाजू कितीतरी मोठी आहे: मत आहे, पण गावात राहत नाही. गंगाखेड, पालम, सोनपेठ, जिंतूर या भागांतून दिवाळीच्या आसपास ऊसतोड कामगारांच्या टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवराबायकोचा मिळून एक कोयता. सांगली-कोल्हापूर, कधी बेळगावपर्यंतच्या फडावर कोपी घालून राहायचं आणि गाळप हंगाम संपला की मार्च-एप्रिलमध्ये परत. तिथल्या गावाच्या हातपंपाचं पाणी ते पितात, पण तिथे मत नाही. असलं तर ते मागे परभणीत आहे.

कायद्याने इथे खूप बारकाईने विचार केलेला आहे. १९५०च्या कायद्याचं कलम २० दोन गोष्टी सांगतं. एखाद्या ठिकाणी घर आहे, एवढ्यावरून माणूस तिथला सामान्य रहिवासी ठरत नाही. आणि तात्पुरता बाहेर गेला, एवढ्यावरून तो तिथला रहिवासी राहत नाही असंही नाही. पहिलं वाक्य पुण्यात वीस वर्षं स्थायिक झालेल्या, गावात फक्त वाडा आणि यादीत फक्त नाव ठेवलेल्या माणसासाठी. दुसरं ऊसतोड कामगारासाठी. प्रत्यक्षात काय होतं ते कुठल्याही ग्रामपंचायत निवडणुकीच्या दिवशी बघा. पुण्याहून भरून आलेल्या गाड्या दुपारपर्यंत गावात पोहोचतात, आणि ज्याचं नाव कायद्याने खऱ्या अर्थाने तिथलं आहे तो शेकडो किलोमीटरवर उसाच्या फडात असतो.

ग्रामपंचायतींचं वेळापत्रक पाहिलं तर हे का होतं ते कळतं. १५ जानेवारी २०२१ला राज्यात १४,२३४ ग्रामपंचायतींसाठी मतदान ठरलं; १८ डिसेंबर २०२२ला आणखी सात हजारांहून अधिक. दोन्ही तारखा गाळपाच्या ऐन हंगामातल्या. प्रभागात दहा-वीस मतांनी निकाल फिरतो, त्यामुळे सरपंचपदाच्या उमेदवारांच्या जीप आणि टेम्पो फडापर्यंत जातात, मुकादमाशी एक-दोन दिवसांच्या सुट्टीचा हिशोब करतात आणि टोळीला रात्रभर प्रवास करून आणतात. मत टाकलं की त्याच गाडीने परत. ज्याच्याकडे गाडीचे पैसे नाहीत, त्या उमेदवाराचे मतदार फडातच राहतात.

निवडणूक आयोगाने यावर एक यंत्र तयार केलं होतं. एका केंद्रावरून ७२ वेगवेगळ्या मतदारसंघांची मतं घेऊ शकणारं, स्थलांतरितांसाठीचं दूरस्थ मतदान यंत्र. १६ जानेवारी २०२३ला दिल्लीत राजकीय पक्षांना बोलावण्यात आलं. विरोधी पक्षांनी स्थलांतरित कुणाला म्हणायचं इथपासून शंका काढल्या आणि ते यंत्र अजून कुठल्याही निवडणुकीत वापरलं गेलेलं नाही. वापरलं गेलं असतं तरी ते लोकसभा-विधानसभेसाठी. ग्रामपंचायत राज्य आयोगाकडे, तिला ते लागू करायला वेगळा निर्णय लागला असता. यादी विधानसभेकडून उसनी घेता येते, यंत्र आपोआप येत नाही.

तेव्हा जीपच उरते. आणि तिचीही गोष्ट बघण्यासारखी आहे: विधानसभेच्या निवडणुकीत उमेदवाराने भाड्याची गाडी करून मतदारांना फुकट केंद्रावर नेणं हा १९५१च्या कायद्याच्या कलम १२३ प्रमाणे भ्रष्ट मार्ग आहे, इतका गंभीर की त्यावरून निवडून आलेल्याची आमदारकी जाऊ शकते.